शिसवी की महोगनी?

प्रश्न : कारागिराकडून अकूस्टिक गिटार बनवून घेतोय. पाठ आणि बाजू शिसवीच्या घ्याव्यात की महोगनीच्या? शिसवीला बरेच जास्त पैसे पडताहेत.

उत्तर : आधी वरच्या पाटीचं बोला. तारांची कंपनं ब्रिजमधून तिच्यात उतरतात. आवाज मुख्यतः तीच घडवते. 1862 मध्ये स्पेनच्या अंतोनियो दे तोरेसने हेच दाखवायला पाठ आणि बाजू चक्क पुठ्ठ्याच्या करून गिटार बनवली. वरची पाटी मात्र लाकडाचीच! तेव्हा पैसा आधी तिथे घाला. सरळ, दाट रेषांचा स्प्रूस घ्या, प्लाय नको. ओळखायचं कसं? मधल्या गोल भोकाची कड निरखा. वरच्या रेषा कडेवरून सलग खाली उतरल्या, तर लाकूड अस्सल. कडेला आडवे थर दिसले की समजा, प्लाय आहे.

शिसवीत खर्ज भरदार लागतो, नाद रेंगाळतो. महोगनीचा आवाज कोरडा, नेटका. नुसती गाण्याला साथ करणार असाल तर मी महोगनीच सांगेन. शिसवीच हवी असेल तर आपली भारतीय मुळीच कमी नाही. अमेरिकेच्या मार्टिन कंपनीनेही 1969 मध्ये ब्राझीलची सोडून हीच धरली. मात्र लाकूड नीट मुरलंय ना, हे कारागिराला खोदून विचारा. कच्चं लाकूड पुढे आकसतं आणि पाठ तडकते.