संस्थेला भेट द्यायची, की मुलं 'बघायला' जायचं?



डिसेंबर आला की शाळेत सहलीची चर्चा सुरू होते. आम्हा गोराईकरांना बोटीने खाडी ओलांडून बोरीवली गाठली की पुढे सगळी मुंबई मोकळी. दरवर्षी कुणीतरी सुचवतंच, "बाई, यंदा एखाद्या बालगृहात जाऊ या. खाऊ वाटू, मुलं चार गोष्टी शिकतील." हेतू चांगलाच असतो. पण मानवी तस्करीतून सोडवलेल्या मुलांकडे जायचं, तर आधी आपला अभ्यास हवा. माझा तो नव्हता, म्हणून हे लिहितेय.

काही वर्षांपूर्वी मी वर्गाला घेऊन अशाच एका संस्थेत गेले. बिस्किटांचे पुडे, वह्या, भाषण आणि शेवटी ग्रुप फोटो. माझ्याच एका विद्यार्थ्याने तिथल्या मुलीला सहज विचारलं, "तुझे आई-बाबा कुठे असतात?" ती काही बोलली नाही. फोटोच्या वेळी मात्र हळूच निघून गेली. परतताना बोटीत मी फोटो पालकांच्या ग्रुपवर टाकणार, तेवढ्यात सोबत आलेल्या एक आई म्हणाल्या, "बाई, त्या मुलांना चालेल का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

कायदा काय सांगतो?

बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ नुसार अशा मुलांचं नाव, पत्ता, शाळा, फोटो किंवा ओळख पटेल असा कुठलाही तपशील उघड करता येत नाही. ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. कारण सोपं आहे. तस्करी करणारी माणसं मुलाला पुन्हा शोधू शकतात. आणि मोठं झाल्यावर त्या मुलाला स्वतःची ओळख नव्याने घडवायची असते.

वर्गात काय सांगाल?

मुलांना "बिचारी मुलं" असं सांगू नका. मदत कशी उभी राहिली, ते सांगा.

पहिलं उदाहरण वळिवड्याचं. दुसऱ्या महायुद्धात पोलंडमधून बेघर झालेले सुमारे ५ हजार लोक १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या या छावणीत राहिले. बहुतेक स्त्रिया आणि मुलं. तिथे त्यांच्या भाषेतल्या शाळा होत्या, चर्च होतं, स्काऊटची पथकं होती. नुसता आसरा नाही, तर मुलांना रोजचं साधं आयुष्य परत मिळालं. म्हातारपणीही त्यातले काही जण कोल्हापूरला भेटायला आले.

दुसरं उदाहरण मुंबईचंच. प्रीती आणि प्रवीण पाटकर यांनी १९८६ मध्ये कामाठीपुऱ्यात 'प्रेरणा' सुरू केली. देहविक्रीच्या वस्तीतल्या मुलांना सगळ्यात जास्त धोका रात्री असतो, हे ओळखून त्यांनी रात्रीचं पाळणाघर काढलं. संध्याकाळी यायचं, जेवायचं, अभ्यास करायचा, निर्धास्त झोपायचं. मुलांना विचारा, "पाळणाघर दिवसाचं असतं, मग हे रात्रीचं का?" मोठ्या वर्गातली मुलं बरोबर उत्तरापर्यंत येतात. लहानांना "आई रात्री कामाला जाते" एवढं पुरे.

भेटीआधी हे ठरवा

१. संस्थेला आधी विचारा, "आम्ही यावं का? आणि नेमकं काय हवंय?" नकार आला तर वाईट वाटून घेऊ नका.
२. मोबाईल बाहेर. फोटो अजिबात नाही.
३. "तू इथे कशी आलीस?" हा प्रश्न नाही. "तुला कुठला खेळ आवडतो?" हा चालेल.
४. पुन्हा येणं जमणार नसेल, तर "परत येऊ" असं म्हणू नका.
५. आपल्या मुलांनाही सावध करा. नोकरी, सिनेमा, लग्न यांचं आमिष दाखवणारा माणूस बहुतेक वेळा ओळखीचाच असतो. १०९८ हा नंबर पाठ हवा.

मागच्या वर्षी मी दुसऱ्या एका संस्थेला हाच पहिला प्रश्न विचारला. तिथल्या ताई म्हणाल्या, "मुलांना आणू नका. गणित शिकवायला कुणी येईल का? पण दर शनिवारी हं, एकदाच नाही."

सध्या आम्ही तिघी शिक्षिका आळीपाळीने जातो. तिथली एक मुलगी परवा भागाकार चुकली आणि माझ्यावरच चिडली. मला बरं वाटलं. पाहुण्यांवर कुणी चिडत नाही.