वादळ गेल्यानंतरचा आठवडा

20 सप्टेंबर 2017 रोजी हरिकेन मारिया पोर्तो रिकोवर आदळलं. मृतांचा सरकारी आकडा कित्येक महिने 64 इतकाच होता. पुढे जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या अभ्यासगटानं वादळानंतरच्या पाच-सहा महिन्यांतल्या मृत्यूंची नेहमीच्या प्रमाणाशी तुलना केली, तेव्हा जादा मृत्यूंचा अंदाज निघाला 2,975. सरकारनं तो मान्य केला. या दोन आकड्यांमधली माणसं वाऱ्यानं उडून किंवा छत कोसळून गेली नव्हती. बेटावरची वीज सगळीकडे परत यायला जवळजवळ वर्ष लागलं, आणि त्या काळात डायलिसिस चुकलं, ऑक्सिजनची यंत्रं थांबली, औषधं संपली, दवाखान्यापर्यंतचा रस्ताच उरला नाही.

वादळ येण्याआधी आपण सगळे सावध असतो. पाण्याच्या बाटल्या भरतो, टॉर्चचे सेल बघतो, टीव्हीवर वादळाचा नकाशा बघत बसतो. वारा पडला, पाऊस थांबला की सुटलो असं वाटतं. डॉक्टर म्हणून मला काळजी वाटते ती त्यानंतरच्या आठवड्याची. इथे ह्यूस्टनमध्ये 8 जुलै 2024 ला आलेलं बेरिल आठवा. मॅटागोर्डाजवळ किनाऱ्याला लागलं तेव्हा ते पहिल्या श्रेणीचं, म्हणजे हरिकेनमधलं सर्वांत सौम्य वादळ होतं. तरी 22 लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली, अनेकांकडे ती आठवडाभर आली नाही, आणि बाहेर जुलैचं ऊन. त्या दिवसांत उष्म्यानंही माणसं गेली आणि जनरेटरच्या धुरानंही.

आधी जनरेटरबद्दल बोलतो, कारण यातला प्रत्येक मृत्यू टाळता येतो. 2020 मध्ये लुइझियानात लॉरा वादळानंतर सुरुवातीच्या दिवसांत जे मृत्यू नोंदले गेले, त्यांत वाऱ्या-पाण्यापेक्षा कार्बन मोनॉक्साइडचे बळी जास्त होते. या वायूला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा त्याची ओढ 200 पटींहून जास्त असते, त्यामुळे तो एकदा चिकटला की ऑक्सिजनला जागा देत नाही. डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, हातापायांतली ताकद जाते. चार दिवस झोप नाही, उकाडा आहे, पोटात धड अन्न नाही, अशा वेळी डोकेदुखीचं कोणाला नवल वाटणार? माणूस जरा पडतो म्हणून आडवा होतो आणि तिथेच बेशुद्ध होतो.

ओळखायची खूण सांगतो. घरातल्या दोघा-तिघांचं डोकं एकाच वेळी दुखू लागलं, ताप कोणालाच नाही, आणि बाहेर मोकळ्या हवेत गेल्यावर बरं वाटतंय, तर दुसरं काही शोधत बसू नका. सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि 911 ला फोन करा. कोविडच्या काळात घरोघरी आलेला बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथे फसवतो. त्याला ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साइड यांतला फरक कळत नाही. माणूस गुदमरत असतो आणि यंत्र 98 दाखवतं. त्याच्यावर विसंबून घरात थांबू नका. इस्पितळात रक्ताची वेगळी तपासणी होते आणि मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन देतात. साध्या हवेत हा वायू निम्मा उतरायलाच चार-पाच तास लागतात, ऑक्सिजनवर साधारण तास-दीड तास. घरात गरोदर बाई असेल तर तिला बरं वाटत असलं तरी तपासणीला न्याच, कारण पोटातल्या बाळाला याचा त्रास आईपेक्षा जास्त होतो. आणि बरं होऊन घरी आलेल्या माणसाला पुढच्या काही आठवड्यांत विसरायला होऊ लागलं, स्वभाव बदलल्यासारखा वाटला, तरी डॉक्टरांना कळवा.

जनरेटर घरापासून किमान 20 फूट लांब, धुराचं तोंड घराच्या उलट दिशेला, आणि शेजाऱ्यांच्या खिडकीकडेही नको. गॅरेजचं दार उघडं ठेवलं म्हणजे चालतं, हा समज जीवघेणा आहे. पाऊस आला म्हणून पोर्चमध्ये ओढून घेऊ नका, तेवढा वेळ बंद ठेवा. फोन चार्ज करायला गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवणं, घरात कोळशाची शेगडी किंवा बार्बेक्यू पेटवणं, या सगळ्यातून तोच वायू निघतो. सेलवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म थोड्या डॉलरांत मिळतो. झोपायच्या खोल्यांजवळ एक लावा.

आता घरी आलेल्या आई-बाबांबद्दल. हरिकेनचा मोसम 1 जून ते 30 नोव्हेंबर, आणि नागपूर-पुण्याकडची बरीच मंडळी मुलांकडे सहा महिने राहायला येतात तेही याच सुमारास. एसी बंद पडला की ती म्हणतात, "आम्हाला सवय आहे रे उकाड्याची. नागपूरचा मे महिना काढलाय." त्यांनी तो खरंच काढलाय, पण वेगळ्या घरात आणि वेगळ्या वयात. तिकडे फरशी गार असते, खिडक्या समोरासमोर उघडतात, रात्री गच्चीवर झोपता येतं. इथलं घर लाकडी, सगळीकडून बंद, एसी आहे असं धरूनच बांधलेलं. दुपारी तापलं की रात्रीही निवत नाही. शिवाय ह्यूस्टनच्या दमट हवेत घाम नुसता निथळतो, वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. पंचाहत्तरीत तहानेची जाणीवही मंदावलेली असते.

त्यात एक गोष्ट ही मंडळी मुलांना सांगत नाहीत. अंधारात, अनोळखी बाथरूममध्ये रात्री उठायला नको म्हणून ती दुपारपासूनच पाणी पिणं कमी करतात. त्यांना पाण्याचा आग्रह करण्याआधी बाथरूममध्ये आणि वाटेवर सेलचा दिवा लावा, चटईची टोकं उचला. मग पाणी प्यायलं जाईल. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर उकाड्यात अंगातलं पाणी लवकर आटतं. बीटा ब्लॉकर गटातल्या गोळ्या, काही मानसिक आजारांवरची औषधं यांनीही शरीराची उष्णता बाहेर टाकायची ताकद कमी होते. या गोळ्या आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत. पण उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करून मात्रा विचारा.

खोलीचं तापमान 90 अंश फॅरनहाइटच्या वर गेलं की सेलच्या पंख्यानं बरं वाटतं, पण अंग थंड होत नाही. मानेवर, काखेत, जांघेत ओले पंचे ठेवा. दिवसातले काही तास तरी वीज असलेल्या जागी न्या: वाचनालय, मॉल, शहरानं उघडलेलं गारव्याचं केंद्र किंवा ओळखीच्यांचं घर. कोणाकडे जायला संकोच वाटतो, हे मला माहीत आहे. तरी जा. बोलण्यात असंबद्धपणा आला, माणूस गोंधळला, चालताना तोल जाऊ लागला आणि अंग चटके बसण्याइतकं गरम लागलं, तर तो उष्माघात समजा. घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही, असं नसतं. 911 ला फोन करा आणि मदत येईपर्यंत अंगावर गार पाणी ओतत राहा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका.

घाम आणि जुलाब यांवर घरगुती साखर-मिठाचं पाणी चांगलं. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. हृदय किंवा मूत्रपिंडाचे रुग्ण असतील तर किती पाणी चालेल हे आधीच विचारून ठेवा. शहाळ्याचं पाणी आपल्याला औषधासारखं वाटतं, पण त्यात पोटॅशियम भरपूर असतं. डायलिसिसवर असलेल्या माणसाला, विशेषतः पुढचं डायलिसिस लांबणार असताना, ते देऊ नका. वादळाचा इशारा आला की डायलिसिस केंद्राला फोन करून एक-दोन दिवस अलीकडची वेळ मिळते का, हेही विचारा.

भारतातून आणलेल्या औषधांचा प्रश्न मला दर मोसमात येतो. पिशवीत टेल्मा, ग्लायकोमेट, इकोस्प्रिन असतात आणि इथल्या फार्मासिस्टला यातलं एकही नाव ठाऊक नसतं. कागदावर मूळ औषधाचं नाव आणि मात्रा लिहून ठेवा: टेल्मिसार्टन 40, मेटफॉर्मिन 500, ॲस्पिरिन 75. भारतात सर्रास चालणारी ग्लिक्लाझाइड आणि व्हिल्डाग्लिप्टिन ही मधुमेहाची औषधं तर अमेरिकेत मिळतच नाहीत. ती पुरात भिजली तर दुकानातून आणता येणार नाहीत, डॉक्टरांना दुसरं औषध ठरवून द्यावं लागेल. म्हणून साठा दोन ठिकाणी ठेवा, त्यातला एक झिपलॉकच्या पिशवीत, वरच्या कप्प्यात. नियमित इथलीच औषधं घेणाऱ्यांसाठी टेक्ससमध्ये एक सोय आहे. राज्यपालांनी आपत्ती जाहीर केली असेल आणि तुमच्या डॉक्टरांशी संपर्क होत नसेल, तर फार्मासिस्ट 30 दिवसांपर्यंतचं औषध नव्या चिठ्ठीविना देऊ शकतो. कडक नियंत्रणातली वेदनाशामकं वगैरे त्यातून वगळलेली आहेत.

इन्सुलिन फ्रिज बंद पडताच फेकू नका. बहुतेक प्रकारची इन्सुलिन 86 अंश फॅरनहाइटपर्यंत साधारण 28 दिवस टिकतात. बर्फाच्या पेटीत ठेवायचं तर बर्फाला थेट टेकू देऊ नका, मध्ये टॉवेल घाला, कारण गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं. काही जण माठात ठेवतात. विदर्भातल्या कोरड्या हवेत ती युक्ती उत्तम चालते, टेक्ससच्या किनाऱ्यावरच्या दमट हवेत माठ फारसा गार होतच नाही. उकाड्यात राहिलेलं इन्सुलिन वापरावं लागलं तर साखर वरचेवर तपासा आणि नवीन मिळताच बदला.

घरात ऑक्सिजनचं यंत्र किंवा श्वासाला मदत करणारं दुसरं उपकरण असेल, तर 211 वर फोन करून राज्याच्या आपत्कालीन मदत नोंदवहीत, म्हणजे ‘स्टेअर’मध्ये नाव घाला. वीज कंपनीकडेही डॉक्टरांच्या सहीचा अर्ज देता येतो. त्यानं वीज राहीलच असं नाही, म्हणून ऑक्सिजनचा भरलेला सिलिंडर जवळ हवाच. आणि लाइट गेले की देवापाशी समई लावायचा आपला रिवाज. ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत समई, निरांजन, उदबत्ती, मेणबत्ती काहीही पेटवू नका.

पुराच्या पाण्याबद्दल मुंबईकरांशी मला जरा ठामपणे बोलावं लागतं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, आणि त्या पाण्यातून मैलोन् मैल चालत घरी गेलेली माणसं आज इथे राहतात. पुढच्या आठवड्यांत मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ आली, हे मात्र त्यांच्या लक्षात राहिलेलं नाही. 2017 च्या हार्वी वादळानंतर ह्यूस्टनच्या रस्त्यांवर जे पाणी होतं, त्यात मैला मिसळलेला होता, कारखान्यांची रसायनंही होती. त्यात लाल मुंग्यांचे गोळे तरंगत होते आणि तुटलेल्या तारा बुडालेल्या होत्या. मधुमेहानं पाय बधिर झालेल्या माणसानं तर त्या पाण्यात उतरूच नये. खिळा घुसला तरी त्याला कळत नाही.

उतरावंच लागलं तर उंच रबरी बूट घाला, आणि नंतर साबण आणि स्वच्छ पाण्यानं पाय धुऊन बोटांच्या फटी बघा. जखम झाली असेल तर धनुर्वाताची शेवटची लस कधी घेतली ते आठवा. मळक्या जखमेसाठी पाच वर्षांपेक्षा जास्त काळ गेला असेल तर पुन्हा घ्यायची. किनाऱ्याजवळच्या कोमट खाऱ्या पाण्यात व्हिब्रिओ नावाचा जंतू असतो. यकृताचा आजार किंवा मधुमेह असेल तर तो काही तासांत मांस कुजवत जातो. जखमेभोवतीच्या लालीची कड पेनानं आखून ठेवा. दोन तासांत लाली रेषेबाहेर गेली, जखमेच्या मानानं ठणका फार असेल, काळपट फोड आले किंवा थंडी वाजून ताप भरला, तर सकाळची वाट न बघता इमर्जन्सीत जा. पुढच्या महिनाभरात ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं काही झालं तर पुराच्या पाण्यात चाललो होतो हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा. इथे लेप्टो फार क्वचित दिसतो, न सांगता तो सुचणार नाही.

खाण्यापिण्याचं थोडक्यात. बंद फ्रिजमधलं अन्न चार तास चालतं, भरलेला फ्रीजर न उघडता दोन दिवस. उरलेला भात, आमटी, पनीर यांचा वास घेऊन ठरवू नका, टाकून द्या. पाणी उकळायची सूचना असेल तर खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट थांबा. उकळायची सोय नसेल तर बिनवासाचं साधं 6 टक्क्यांचं ब्लीच, एका गॅलनला आठ थेंब, आणि अर्धा तास वाट बघायची. रसायनं मिसळलेलं पाणी या दोन्हींनी शुद्ध होत नाही.

घरात पाणी शिरलं असेल तर एक-दोन दिवसांतच भिंतींना बुरशी धरते. दम्याच्या माणसानं आणि लहान मुलांनी साफसफाईच्या वेळी त्या घरात असू नये. बाकीच्यांनी एन-95 मास्क आणि हातमोजे घालावेत. ब्लीचमध्ये अमोनिया किंवा व्हिनेगर मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतो.

तुमच्या ओळखीत कोणाकडे आजी-आजोबा आलेले असतील आणि मुलगा-सून कामावर असतील, तर त्यांना नुसता फोन करून थांबू नका. फोनवर ती "आम्ही मजेत" असंच म्हणणार. दुपारी घरी जा. आज वार कोणता, सकाळी काय खाल्लं, हे बोलता बोलता विचारा. खुर्चीतून उठून स्वयंपाकघरापर्यंत चालायला सांगा. सकाळपासून किती वेळा लघवीला गेलात, हेही विचारा, लाजू नका. उत्तर ‘एकदाच’ आलं, तर त्यांना गाडीत बसवून गार जागी घेऊन जा आणि मुलांना मग वाटेत कळवा.