खपली पडल्यानंतरचं काम

अगं सुमे, ओमच्या भाजलेल्या कोपराची पट्टी सुटली म्हणून पेढे वाटलेस, बरं केलंस. आता जरा बस आणि ऐक. बर्न्स वॉर्डात 29 वर्षं काढली मी. खपली पडली की घरचे निर्धास्त होतात, आणि वण नेमका तेव्हाच उठायला लागतो. आज गुलाबी, सपाट दिसणारी कातडी दोन-तीन महिन्यांत लाल, टणक होऊन वर येऊ शकते. 2 आठवड्यांच्या आत भरलेल्या भाजण्याचा वण सहसा राहत नाही. 3 आठवड्यांच्या पुढे गेलं की टपोऱ्या वणाची भीती जास्त, आणि ओमला 25 दिवस लागले. हा वण निवायला वर्ष-दीड वर्ष, कधी दोन वर्षंही जातात. तेवढी कंबर कसून ठेव.

पहिलं लक्ष कोपराकडे. रंगाचं नंतर बघू. दुखतं म्हणून पोरगं हात मुडपून ठेवतं, आपल्यालाही दया येते, आणि तसाच हात आखडतो. रात्री हात सरळ ठेवणारी स्प्लिंट चुकवू नकोस, रडला तरी. दिवसा व्यायाम म्हटलंस तर पळून जाईल, म्हणून बिस्किटांचा डबा फडताळात वर ठेव आणि त्याच हाताने काढायला लाव. चेंडू लांब फेकायला दे.

मालिश आंघोळीनंतर. कातडी टिपून घ्यायची, पुसायची नाही. खोबरेल लाव नाहीतर बिनवासाचं साधं क्रीम, महागाचं काही लागत नाही. अंगठा वणावर टेकवून दाबायचा, वण पांढुरका पडेपर्यंत, आणि तिथेच हळूहळू गोल फिरवायचा. वरच्या वर घासलंस तर फोड येतील. पाच मिनिटं, दिवसातून तीनदा. फोड आला किंवा कातडी फाटली तर तेवढी जागा भरेपर्यंत सोडून दे.

सिलिकॉनची पट्टी दिलीय ना? ती बंद जखमेवरच. पहिल्या दिवशी दोन-तीन तास, मग वाढवत वाढवत निदान 12 तास, आणि असं काही महिने. रोज साध्या साबणाने धुऊन वाळव. घाम साचला की पुरळ उठतं, तेव्हा एक-दोन दिवस विश्रांती. कोपरावर पट्टी टिकत नसेल तर सिलिकॉनचंच जेल मिळतं.

त्यावर वण दाबून ठेवणारी मापाची घट्ट बाही, दिवसातले 23 तास. आंघोळ आणि मालिश एवढीच सुट्टी. दोन शिवून घे, एक धुण्यात, एक अंगावर. दोन-तीन महिन्यांनी तिचा ताण जातो, शिवाय पोर वाढतं, म्हणून माप पुन्हा द्यायचं. शेजारणी म्हणतील, पोराला जखडलंय. म्हणू देत.

रात्री खाज सुटेल, वेड्यासारखी. नखं कापून ठेव, गार ओलं फडकं ठेव, आणि त्याने भागलं नाही तर डॉक्टरांकडून गोळी घे, सोसायला लावू नकोस. उन्हात बाही, उघड्या भागाला सनस्क्रीन, निदान वर्षभर. कोवळ्या वणाला ऊन लागलं की तो काळा पडतो.

लिंबू, टूथपेस्ट, हळदीचे लेप, सगळं बंद. व्हिटॅमिन ई ची कॅप्सूल फोडून लावणाऱ्या कितीतरी बायका पाहिल्या; वण तसाच, काहींना वर पुरळ. गोरं करणारी क्रीमं तर घरातही आणू नकोस. त्यांतल्या काहींत स्टेरॉइड असतं आणि कातडी पातळ होते.

एवढं करूनही वण जाड राहिला तर डॉक्टर वणातच स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात, चार-सहा आठवड्यांच्या अंतराने. दुखतं, आधीच सांगून ठेवते. लालीसाठी एक लेसर, जाडीला बारीक छिद्रं पाडणारा दुसरा, आणि दोन्हीच्या बैठका बऱ्याच. वण मऊ होतो, फिका होतो. साफ पुसून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नकोस.

कोपर सरळच होईना झालं तर मात्र दीड वर्ष थांबू नकोस, लगेच प्लास्टिक सर्जनकडे ने. ताणलेल्या रेषेला झेडसारखे काप देऊन ते लांबी मिळवतात, नाहीतर आखडलेलं सोडवून कातडी लावतात. आणि पोर जसं उंच होईल तसा वण काही वाढणार नाही. म्हणून आता बरा दिसला तरी वाढीच्या वयात पुन्हा ओढ बसू शकते. दरवर्षी दाखवत जा.

माझ्या मनगटावरचा वण आठवतो? लहानपणी तू त्याला गोगलगाय म्हणायचीस. कुकरची वाफ लागली होती. वॉर्डात सगळ्यांना बजावणारी मी, आणि स्वतःला चार दिवसही तेल लावलं नाही. अजून थंडीत ओढतं.

रविवारी ओमला भिंतीशी उभा कर, हात पूर्ण ताणायला लाव, आणि फोटो पाठव. बाही काढून, खिडकीच्या उजेडात. दर महिन्याला तिथेच, तसाच काढ.