समुद्रकाठची सार्वजनिक बाग

जी जागा सर्वांची, ती बहुधा कोणाचीच नसते; परंतु हा नियम अढळ नव्हे. मढच्या खाडीपलीकडे वेसावे येथे अफरोज शाह यांनी २०१५ साली किनारा स्वच्छ करण्यास आरंभ केला आणि पुढे शेकडो स्वयंसेवक त्यांस येऊन मिळाले. मात्र अशी जागा सुशोभित करावयाची, तर एक प्रश्न उभा राहतो: स्वयंसेवक घरी गेल्यावर झाडांस पाणी कोण घालणार?

याचे उत्तर झाडांच्या निवडीत आहे. आपल्याकडे पाऊस चार महिने. उरलेले आठ महिने कोरडे, त्यातून वारा खारा. म्हणून एका हंगामात सुकणाऱ्या फुलझाडांपेक्षा अनेक वर्षे टिकणारी झाडे बरी. वाळूत मर्यादवेल लावावी. तिच्या पेऱ्यापेऱ्यास मुळे फुटून वाळू बांधली जाते. मैदानाच्या कडेस सदाफुली लावावी. तिला पाणी थोडे पुरते व कडू पानांमुळे गुरे तिला सहसा तोंड लावीत नाहीत. सावलीसाठी उंडी उत्तम. तिची जाड, चकचकीत पाने खारा वारा सोसतात.

लागवड मृगाच्या पावसात करावी, म्हणजे उन्हाळ्यापूर्वी मुळे खोल जातात. तरीही पहिल्या उन्हाळ्यात पाणी घातलेच पाहिजे. एका दिवसात शंभर रोपे लावण्यापेक्षा दहाच लावून ती वर्षभर जगविणे, हीच खरी सेवा होय.