तरुणांना गांजाविषयी काय शिकवावे?

(शब्बाथशाळेच्या शिक्षकांसाठी अभ्यासपाठ)

शास्त्रभाग : उत्पत्ति १:२९, १ करिंथ ६:१२, इफिस ४:२५

आपल्या शब्बाथशाळांत व्यसनावरचा पाठ बहुधा दारूपाशी सुरू होतो व तंबाखूपाशी संपतो. गांजाचे नाव निघालेच तर "एका झुरक्यात माणूस वेडा होतो" एवढे सांगून शिक्षक पुढे जातात. पण वसतिगृहात झुरका घेणारा मित्र दुसऱ्या दिवशी परीक्षेला बसलेला मुलाने पाहिलेला असतो. मग शिक्षकाच्या खऱ्या बोलण्यावरूनही त्याचा विश्वास उडतो. इफिसकरांस पत्रातील असत्य टाकून देण्याची आज्ञा ह्या पाठात प्रथम शिक्षकालाच लागू आहे, असे आम्ही समजतो.

भांग, गांजा व चरस ही एकाच झाडाची रूपे. पाने ती भांग, फुलोऱ्याचे शेंडे तो गांजा, आणि झाडाचा राळेसारखा चीक तो चरस. १९८५ च्या अमली पदार्थांच्या केंद्रीय कायद्यात गांजा व चरस येतात. नुसती पाने येत नाहीत. त्यामुळे इंदूर-ग्वाल्हेरकडच्या मुलांना परवान्याचे भांगेचे दुकान उघड दिसते. "सरकार विकू देते, मग वाईट कसे?" असे ती विचारणारच. परवाना हा निर्दोषपणाचा दाखला नव्हे. दारूच्या दुकानालाही तो असतोच. गांजाचे मात्र तसे नाही. १ किलोपर्यंतचा गांजा कायद्यात 'अल्प' गणला जातो, पण त्यालाही १ वर्षापर्यंत सक्तमजुरी, १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. खिशातली पुडीही ह्यातून सुटत नाही.

"परदेशात तर मोकळीक आहे!" होय, कॅनडाने २०१८ साली ती दिली. परंतु तेथेही बहुतेक प्रांतांत १९ वर्षांखालील, तर क्यूबेकमध्ये २१ वर्षांखालील कोणास गांजा विकता येत नाही. असे का, हे वर्गालाच विचारावे. मेंदूची घडण साधारण पंचविशीपर्यंत चालू असते. त्या वयात नेहमी गांजा ओढला तर स्मरणशक्ती व एकाग्रता ढासळते. भ्रम व संशयाच्या मानसिक आजाराचा धोकाही वाढतो. घराण्यात असा आजार असेल तर अधिकच. सर्वांनाच हे होते असे नाही, आणि तेही स्पष्ट सांगावे.

एखादा हुशार विद्यार्थी उत्पत्ति १:२९ काढून दाखवील, की वनस्पती देवानेच दिली. (असा विद्यार्थी निदान शास्त्र वाचतो!) धोतराही वनस्पतीच आहे, पण तो कोणी भाजीत घालत नाही. मग १ करिंथ ६:१२ उघडावे. मोकळीक आहे की नाही, एवढ्यावर पौल थांबत नाही. आपल्यावर सत्ता कोणाची चालते, हे तो पाहतो. गांजा घेणाऱ्यांपैकी सुमारे दहातील एकाला त्याची सवय जडते, व किशोरवयात आरंभ करणाऱ्यांत हे प्रमाण आणखी वाढते.

पाठ संपल्यावर एखादा मुलगा किंवा मुलगी मागे रेंगाळेल. त्याचे ऐकून घ्यावे. त्याचे नाव प्रार्थनासभेत विनंती म्हणून मुळीच घेऊ नये. रविवारी दुपारपर्यंत ते सर्व मंडळीत पोहोचते, आणि अब्रूच्या भीतीने आईबाप उपचारच टाळतात. कायद्याच्या कलम ६४-अ प्रमाणे, अल्प प्रमाणासाठी आरोप असलेला व्यसनी मनुष्य स्वेच्छेने सरकारमान्य संस्थेत उपचार पुरे करील, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळते. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक विनाशुल्क आहे. तो वर्गाच्या फळ्यावर लिहून ठेवावा. ज्याला हवा तो न विचारता उतरून घेईल.