स्पॅनिशमध्ये ‘कुठे चाललात?’

एका प्रदर्शनात आम्ही भंडाऱ्याचे कोसा कापड घेऊन बसलो होतो. शेवटच्या दिवशी गठ्ठे बांधत असताना मेक्सिकोचे एक गृहस्थ आले व म्हणाले, ‘आदोन्दे बान?’ इंग्रजी त्यांना येत नव्हती, आम्हालाही नव्हती. भाव विचारतात असे समजून आम्ही भावाची यादी पुढे केली. ते हसले आणि निघून गेले. ‘तुम्ही मंडळी कुठे चाललात?’ एवढेच ते विचारत होते, हे आम्हाला पुढे कळले. पुढच्या प्रदर्शनाचे गाव सांगितले असते, तर गिऱ्हाईक कदाचित तिथे आले असते.

म्हणून व्यापारीबंधूंनी हा प्रश्न शिकावा. एकाच माणसाला विचारायचे तर ‘आदोन्दे बा उस्तेद?’ ‘दोन्दे’ म्हणजे कुठे आणि आधीचा ‘आ’ म्हणजे आपला ‘ला’. कुठून, हे विचारायचे तर ‘दे दोन्दे’. ‘उस्तेद’ हा शब्द ‘आपली कृपा’ अशा अर्थाच्या जुन्या संबोधनातून झाला. म्हणून त्याच्याबरोबर ‘तो जातो’चेच क्रियापद येते, जसे आपण म्हणतो, ‘जनाब कुठे चालले?’ ‘आदोन्दे बास?’ हे ‘तू’चे रूप, अनोळखी गिऱ्हाइकाला ते वापरू नये. आपल्याकडे निघालेल्याला ‘कुठे’ विचारले की वडीलधारी रागावतात; तिकडे खुशाल विचारावे.

उत्तर ‘बोय’ने सुरू होते: जातो किंवा जाते, स्त्री-पुरुष दोघांना एकच. अनेकजण असतील तर ‘बामोस’. ‘मी’, ‘आम्ही’ वेगळे सांगावे लागत नाही. ‘बोय आ नागपूर’, नागपूरला जातो. उर्दू शाळेत शिकलेले आपण इथे हमखास चुकतो. ‘नागपूर जा रहा हूँ’ या सवयीने ‘बोय नागपूर’ म्हणतो आणि ‘आ’ गळतो. मनात मराठी ‘नागपूरला’ धरावे, म्हणजे चूक होत नाही. लिंगे मात्र उर्दूसारखी दोनच. बाजार पुल्लिंगी, म्हणून ‘बोय आल मेर्कादो’. दुकान स्त्रीलिंगी, म्हणून ‘बोय आ ला त्येंदा’.

गोदामाला जायचे तर ‘बोय आल आल्मासेन’. यातला पहिला ‘आल’ स्पॅनिश, ‘आ’ आणि ‘एल’ मिळून झालेला. दुसरा मात्र अरबी ‘अल’; ‘आल्मासेन’ म्हणजे ‘अल-मखज़न’. अंदलुसमध्ये अरबी शतकानुशतके बोलली गेली. 1492 मध्ये ग्रानाडाची सत्ता गेली, शब्द राहिले. कापसाचा ‘आल्गोदोन’ हा ‘अल-कुत्न’, जकातीच्या कचेरीचा ‘आद्वाना’ हा ‘दीवान’. ‘आस्ता’ म्हणजे ‘पर्यंत’, तो आपला ‘हत्ता’: ‘बोय आस्ता तुमसर’, तुमसरपर्यंत जातो.

‘ओखाला’ मात्र जपून वापरावा. तोही अरबीच, ‘अल्लाहने चाहिले तर’ या अर्थाचा. पण आज त्यात ‘तसे झाले तर किती बरे!’ एवढीच आशा उरली आहे. माल सोमवारी पोहोचेल का, याला ‘ओखाला’ म्हटले, तर गिऱ्हाईक समजते की याचाच भरवसा नाही. इन्शाअल्लाह म्हणायचे असेल तर ‘सी दियोस क्येरे’ म्हणावे, आणि त्याआधी ‘सी’, म्हणजे होय, स्पष्ट सांगावे.