पिल्लू मुद्दाम त्रास देतं का?

प्रश्न : जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये एक भिजलेलं पिल्लू सापडलं. आई कुठे दिसली नाही. मुलाच्या हट्टापुढे आम्ही नमलो आणि त्याला घरी आणलं. डॉक्टरांच्या अंदाजाने ते दोन महिन्यांचं आहे. सुरुवातीचे दिवस कौतुकात गेले, पण आता घर टेकीला आलंय. मध्यरात्री ते रडायला लागतं. बाल्कनीत झोपवलं तर शेजारी बेल वाजवतात. पेपर पसरून ठेवलेत, पण शू करायला सोफ्यामागेच जातं. मुलाच्या पायांना, माझ्या गाउनला चावतं. रागावलं की कान पाडून, अंग चोरून बसतं. म्हणजे चूक कळते, तरी पुन्हा तेच! सासरे म्हणतात, "आत्ताच धाक लावा, नाहीतर डोक्यावर बसेल." लसीकरण पूर्ण होईपर्यंत त्याला खाली नेऊ नका, असं सगळे सांगतात. खरं सांगते, कधीकधी वाटतं की उगाच आणलं. हे पिल्लू मुद्दाम असं करत असेल का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नाही, मुद्दाम नाही. तुमच्या पत्रातली एकूण एक तक्रार त्याच्या वयाची आहे, स्वभावाची नाही. हे एकदा मनाला पटलं की उपाय बदलतात. धाक कसा लावायचा याऐवजी घराची आणि वेळांची मांडणी कशी करायची, याचा विचार सुरू होतो.

चूक कळते, म्हणून ते अंग चोरतं का?

न्यूयॉर्कच्या बार्नर्ड कॉलेजमधल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी नेमका हाच प्रश्न तपासला. त्यांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. मालक कुत्र्याला "खायचं नाही" असं बजावून खोलीबाहेर जात. परत आल्यावर त्यांना कुत्र्याने खाऊ खाल्ला की नाही हे सांगितलं जाई, पण काही वेळा मुद्दाम खोटं सांगितलं जाई. पाडलेले कान, चुकवलेली नजर, चोरलेलं अंग हे सगळं दिसलं ते मालक रागावल्यावर. कुत्र्याने खाऊ खरोखर खाल्ला होता की नाही, याच्याशी त्याचा संबंध नव्हता. म्हणजे ज्याला आपण अपराधीपणा समजतो, ते आपल्या रागाला दिलेलं उत्तर असतं.

कुत्रा परिणामाचा संबंध त्या क्षणी जे चाललंय त्याच्याशी लावतो. दहा मिनिटांपूर्वीच्या शूबद्दल रागावलात तर त्याला एवढंच कळतं की बाई अचानक चिडल्या. आणि शू करताना पकडून ओरडलात, तर 'माणसांसमोर शू करणं धोक्याचं' हा धडा ते शिकतं. सोफ्यामागची जागा बहुधा अशीच ठरली असावी. त्याचं नाक शूमध्ये घासण्याची जुनी पद्धतही याच कारणाने निरुपयोगी आहे, आणि क्रूरही.

मग शू-शीची सवय लावायची कशी?

दोन महिन्यांच्या पिल्लाला दिवसा दोन-तीन तासांपेक्षा जास्त वेळ शू धरता येत नाही. पण त्याला ती कधी येणार हे बऱ्यापैकी सांगता येतं : झोपेतून उठल्यावर लगेच, खाल्ल्यानंतर थोड्या वेळात, आणि खेळ रंगात आला की. या तिन्ही वेळी त्याला स्वतः उचलून ठरलेल्या जागी न्या आणि शांत उभ्या राहा. काम झालं की त्याच क्षणी, त्याच जागी शाबासकी आणि खाऊचा छोटा तुकडा द्या. खोलीत परत आल्यावर दिलेल्या खाऊचा उपयोग नाही. तोवर त्याच्या लेखी तो प्रसंग संपलेला असतो.

घरभर पेपर पसरू नका. बाथरूमजवळचा किंवा बाल्कनीतला एकच कोपरा ठरवा. लक्ष ठेवणं शक्य नसेल तेव्हा त्याला छोट्या, आडोसा केलेल्या जागेत ठेवा. सोफ्यामागे वास राहिला तर ते पुन्हा तिथेच जाईल, म्हणून प्राण्यांच्या दुकानात मिळणारं, वास मोडणारं एन्झाइमचं क्लीनर वापरा. फिनेलने नुसता वास झाकला जातो. शिवाय पिल्लू फरशी आणि स्वतःचे पंजे चाटत असतं, त्यामुळे फिनेल त्याच्या पोटात जाण्याचा धोका असतो.

रात्री रडतं त्याचं काय?

तुमच्याकडे येण्याआधी ते आई आणि भावंडांच्या उबेत, एकमेकांच्या अंगावर रेलून झोपलेलं आहे. या वयात कळपापासून एकटं पडणं म्हणजे जिवाला धोका, आणि रडणं ही आईला मारलेली हाक. बाल्कनीत ही हाक ऐकायला कोणी येत नाही, म्हणून ती वाढत जाते. 'रडून रडून गप्प होईल' या सल्ल्याने ते गप्प होतंही, पण थकून. भीती तशीच राहते आणि पुढे एकटं राहण्याच्या धास्तीत तिचं रूपांतर होऊ शकतं.

त्याचं खोकं किंवा गादी तुमच्या पलंगाशेजारी ठेवा. हात खाली सोडला तर त्याला लागेल, इतकी जवळ. रडलं तर आधी शूला न्या. दिवा मोठा करू नका, खेळू नका, परत जागेवर ठेवा. काही आठवड्यांत झोप सलग होऊ लागली की गादी रोज थोडी थोडी लांब सरकवा. दिवसाही त्याला एकटं राहायची सवय लावा : पाच मिनिटं, मग दहा, मग वीस.

चावणं कधी थांबेल?

पिल्लाला २८ दुधाचे दात असतात. ते साधारण चौथ्या महिन्यापासून पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत कायमचे ४२ येतात. तोवर हिरड्या शिवशिवतात आणि दिसेल ते तोंडात जातं. दुसरं कारण असं की कितपत जोरात चावायचं, हे पिल्लू भावंडांशी खेळताना शिकतं. जोरात चावलं की दुसरं कळवळतं आणि खेळ थांबतो. तुमचं पिल्लू एकटंच सापडलं, त्यामुळे हा धडा आता तुम्हाला पुरा करायचा आहे. दात लागले की खेळ तिथेच थांबवा, हात सैल सोडा, उठून बाजूला व्हा. थोड्या वेळाने चावायचं खेळणं देऊन पुन्हा सुरू करा. मुलाला एकच नियम शिकवा : चावलं की पळायचं नाही, झाडासारखं स्तब्ध उभं राहायचं. पळणारे पाय आणि उडणारा गाउन हे पिल्लाला आमंत्रणच असतं.

संध्याकाळी चावणं वाढत असेल तर झोप मोजा. या वयाच्या पिल्लाला दिवसाचे १८ ते २० तास झोप लागते. मुलं शाळेतून आल्यावर त्याला सतत जागं ठेवलं जातं आणि दमलेलं पिल्लू सर्वात जास्त चावतं.

एक गोष्ट मात्र अजिबात हलक्यात घेऊ नका. रस्त्यावर सापडलेल्या पिल्लाच्या दाताने कातडी फुटली, नुसता ओरखडा उठला, तरी ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. पिल्लालाही रेबीज असू शकतो. लक्षणं दिसू लागल्यावर तो जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो, पण वेळेवर घेतलेल्या लसीने टळतो. हळद, चुना, मिरची असलं काही जखमेवर लावू नका.

धाक लावला नाही तर डोक्यावर बसेल का?

तुमच्या सासऱ्यांची काळजी खरी आहे. शिस्त नसलेला कुत्रा घराला आणि शेजाऱ्यांना त्रासाचाच होतो. पण धाकामागची समजूत आता मागे पडली आहे. कळपात सतत सत्तेची झुंज चालते आणि सर्वांत दांडगा तो म्होरक्या होतो, ही कल्पना बंदिवासात एकत्र कोंडलेल्या अनोळखी लांडग्यांच्या निरीक्षणातून आली. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांच्या १९७० च्या पुस्तकामुळे ती सर्वदूर पसरली. पुढे जंगलातल्या लांडग्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास करून त्यांनीच ती दुरुस्त केली : कळप म्हणजे बहुतेक वेळा आई-बाप आणि त्यांची पोरं, एक कुटुंब.

शिस्त लागते ती एकवाक्यतेने. सोफ्यावर चढू द्यायचं की नाही, जेवणाच्या ताटातलं द्यायचं की नाही, हे घरातल्या सगळ्यांनी बसून ठरवा आणि पाळा. सासऱ्यांना एक काम आवर्जून द्या : रोज जेवण देण्याआधी पिल्लाला 'बस' शिकवणं. आजोबांच्या हातून अन्न मिळतं आणि त्यासाठी बसावं लागतं, हे त्याला लवकर कळेल.

लसीकरण होईपर्यंत घरातच ठेवायचं?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण इथे घड्याळ चालू आहे. साधारण तीन ते चौदा आठवडे हा काळ पिल्लाच्या मनाची दारं उघडी असण्याचा. या काळात जी माणसं, जे आवाज आणि ज्या जागा ते निर्धास्तपणे अनुभवतं, ते सगळं त्याला आयुष्यभर ओळखीचं वाटतं. १९६१ मध्ये अमेरिकेतल्या बार हार्बर इथल्या संशोधकांनी काही पिल्लं माणसांच्या सहवासाशिवाय वाढवली होती. चौदा आठवड्यांपर्यंत माणूस न भेटलेली पिल्लं पुढे जवळजवळ रानटी राहिली. तुमचं पिल्लू आठ-नऊ आठवड्यांचं आहे, म्हणजे हातात महिना-सव्वा महिनाच उरला आहे.

दुसरीकडे पार्व्होची भीतीही खोटी नाही. पिल्लांच्या जिवावर बेतणारा हा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो. म्हणून मधला रस्ता काढायचा. डिस्टेंपर-पार्व्होची लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होते आणि दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत दिली जाते. रेबीजची लस तीन महिन्यांचं झाल्यावर. तोवर कुत्री फिरतात त्या जमिनीवर त्याला टेकवू नका, पण कडेवर घेऊन रोज बाहेर जा. रिक्षा, घंटागाडी, भाजीवाला, छत्री घेतलेली माणसं, शाळेतून परतणारी मुलं त्याला दुरून दाखवा आणि सोबत खाऊ द्या. लसीकरण झालेला, शांत, ओळखीचा कुत्रा असेल तर त्याच्या घरी भेट घडवा. पुढे गणपती आणि दिवाळी आहेतच. ढोल-ताशे आणि फटाक्यांचे आवाज मोबाइलवर अगदी हळू लावून त्याला जेवायला द्या. ते आरामात जेवत राहिलं तरच काही दिवसांनी आवाज थोडा वाढवा.

पिल्लू मलूल झालं, उलट्या होऊ लागल्या, रक्ताचे उग्र वासाचे जुलाब दिसले, तर मीठ-साखरेच्या पाण्यावर रात्र काढू नका. पार्व्होने पिल्लू दोन-तीन दिवसांत दगावू शकतं. घरातली पॅरासिटामॉलसारखी गोळीही देऊ नका, ती कुत्र्यांना विषारी ठरू शकते.

खायला काय द्यायचं?

तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगायला हवं. दूध-पोळी हा आपल्याकडचा सर्रास चालणारा आहार वाढत्या पिल्लाला पुरत नाही. त्यात प्रथिनं आणि कॅल्शियम कमी पडतं, आणि गाई-म्हशीच्या दुधाने अनेक पिल्लांना जुलाब होतात. तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा खायला द्या. पिल्लांसाठीचं तयार खाद्य द्या, नाहीतर अंडं, उकडलेलं चिकन, भात यांचं प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका आणि चॉकलेट पूर्ण वर्ज्य. म्हणजे फोडणीची आमटी आणि रस्साही नाही. शिजवलेली हाडं फुटून आतड्यात टोचतात, तीही नकोत.

आणि 'उगाच आणलं' असं वाटतं त्याचं?

तसं वाटणं हा तुमचा दुष्टपणा नाही. हेलसिंकी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२४ मध्ये पिल्लू घरी आणलेल्या लोकांच्या याच मनःस्थितीचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात काळजी, चीड आणि थकवा असे तीन धागे त्यांना सापडले. तुमच्या पत्रात तिन्ही आहेत. थकवा बहुतेकदा एकाच व्यक्तीच्या वाट्याला येतो, आणि पत्रावरून दिसतं की इथे ती व्यक्ती तुम्ही आहात. तेव्हा कामं वाटा : पहाटेची शू नवऱ्याकडे, जेवण सासऱ्यांकडे, संध्याकाळचा खेळ मुलाकडे, पण मोठ्या माणसाच्या नजरेखाली. रात्रीची पाळी एक दिवसाआड करा. तुमची झोप पुरी होणं हाही पिल्लाच्या संगोपनाचाच भाग आहे.

शेजाऱ्यांना स्वतःहून भेटा आणि काय उपाय करताय ते सांगा. भारतीय पशू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांनुसार सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, पण घाण आपण उचलणं आणि रात्रीची शांतता सांभाळणं ही आपली जबाबदारी आहे.

एवढं सगळं करूनही घराला झेपत नाहीच, असं दोन-तीन महिन्यांनी ठरलं, तर चांगलं घर शोधून, लसीकरणाच्या कार्डासह त्याला तिथे देणं यात कमीपणा नाही. रस्त्यावर सोडून देणं मात्र नाही. उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्याला टाकून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पण तुम्ही घाईने निर्णय घेऊ नये, असं मला मनापासून वाटतं. दात, शू आणि रात्रीचं रडणं या तिन्ही गोष्टी वय वाढेल तशा मागे पडतात. माणसांवरचा विश्वास मात्र आपोआप येत नाही, तो येत्या महिनाभरात तुम्ही कमवायचा आहे. म्हणून आज दोनच गोष्टी करा : त्याची गादी बाल्कनीतून तुमच्या पलंगाशेजारी आणा, आणि संध्याकाळी त्याला कडेवर घेऊन कोपऱ्यापर्यंत फिरवून आणा.